जुना रेंजफाइंडर निवडताना: आधी डोळा लावा, मग नाव वाचा

खिडकीच्या गजावर कॅमेरा रोखा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, मधोमध एक पिवळसर चौकोन दिसेल आणि त्या चौकोनात एकाऐवजी दोन गज. लेन्सची रिंग हळूहळू फिरवा. दुसरा गज सरकत सरकत पहिल्याच्या अंगावर येतो आणि एका क्षणी दोन्ही मिळून एकच गज उरतो. झाला फोकस. असा दोन प्रतिमा जुळवून फोकस करणारा कॅमेरा म्हणजे रेंजफाइंडर. गज एक होण्याचा हा क्षण ज्याला आवडला तो त्याचा झाला. तो चौकोन शोधता शोधताच ज्याचा डोळा दुखायला लागला, त्याने कितीही नामांकित कॅमेरा घेतला तरी तो कपाटातच राहणार.

कोणता जुना रेंजफाइंडर घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, चष्मा लावता का? प्रश्न विचित्र वाटतो, पण निवडीचं अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे हातातला तो एक नग धडधाकट आहे की नाही हे बघणं. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेले दोन कॅमेरे पन्नास वर्षं दोन वेगळ्या घरांत राहिले की सख्खे भाऊ असूनही एक पैलवान असतो आणि दुसऱ्याला दमा झालेला असतो. मॉडेलची कीर्ती दोघांना सारखीच.

आधी हे यंत्र काय करतं ते समजून घ्या

रेंजफाइंडरला पुढून दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून तुम्ही थेट बघता. दुसरीतून आलेली प्रतिमा आरशाने किंवा प्रिझमने वळवून अर्धपारदर्शक आरशावर टाकलेली असते. दोन खिडक्यांमधून दिसणाऱ्या दृश्यात जो फरक पडतो, त्यावरून अंतर मोजलं जातं. आपले दोन डोळे हेच काम करतात. लेन्सची रिंग फिरवली की एक छोटा दांडा आतला आरसा किंवा प्रिझम हलवतो आणि दोन प्रतिमा जुळतात.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त तितका फोकस नेमका. हे अंतर आणि व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन, म्हणजे त्यात दृश्य किती मोठं दिसतं तो आकडा, यांचा गुणाकार करायचा. जर्मन लायका एम३ मध्ये अंतर साधारण ६८ ते ६९ मिमी आणि मॅग्निफिकेशन ०.९१, म्हणजे गुणाकार ६२ च्या आसपास. म्हणून त्यावर ९० मिमीची लेन्सही आरामात फोकस होते. ऑलिंपस एक्सए खिशात मावतो, त्यामुळे त्याच्या दोन खिडक्या अगदी शेजारी शेजारी आहेत. पण त्याची लेन्स ३५ मिमी एफ/२.८, तिला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्सची. तुम्ही बघता एका जागेवरून आणि लेन्स बघते दुसऱ्या. लांबच्या दृश्यात फरक पडत नाही, पण मीटरभरावरच्या चेहऱ्याचं कपाळ कापलं जाऊ शकतं. चांगल्या कॅमेऱ्यात फोकसबरोबर फ्रेमच्या रेषाही सरकतात. बहुतेक रेंजफाइंडर ०.७ ते १ मीटरच्या अलीकडे फोकसच करत नाहीत. फुलावरचा भुंगा टिपायचा असेल तर इथेच थांबा आणि लेन्समधूनच दृश्य दाखवणारा एसएलआर घ्या.

तिसरी मी स्वतः भोगली आहे. तुम्ही लेन्समधून बघतच नसता, त्यामुळे लेन्सवर टोपी असली तरी समोर सगळं लख्ख दिसतं. माझ्या पहिल्या रोलवरच्या सलग ११ फ्रेम कोऱ्या आल्या, आणि त्या भर उन्हात अगदी मन लावून काढलेल्या होत्या. तेव्हापासून टोपी खिशात आणि लेन्सवर हुड. टोपी कधी लागते ते पुढे येईलच.

लेन्स बदलणार आहात का?

खरंच बदलणार आहात का, हे प्रामाणिकपणे ठरवा. बहुतेक लोक ठरलेली एकच लेन्स लावून वर्षं काढतात. तसं असेल तर १९६० आणि ७० च्या दशकांतले कायम लेन्सचे जपानी कॅमेरे तुमच्यासाठीच आहेत.

त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला म्हणजे कॅननेट क्यूएल१७ जी-३, १९७२ चा. लेन्स ४० मिमी एफ/१.७, शटर १/४ ते १/५०० सेकंद आणि बी, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं. वेग तुम्ही ठरवायचा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, कॅमेरा ठरवतो. सेल संपला तर ऑटोवर तो अडून बसतो, पण हाताने ॲपर्चर लावलं की निमूट चालतो, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद. याचा आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही. शटर लेन्समध्येच असल्यामुळे कोणत्याही वेगावर फ्लॅश चालतो, त्यामुळे भर उन्हात चेहऱ्यावरची सावली उजळता येते.

यशिका इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तिची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स पाहून भले भले विरघळतात. इथे उलटं आहे, ॲपर्चर तुमचं आणि वेग कॅमेऱ्याचा. लाल दिवा लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर वेग मंद. पण नेमका वेग किती हे हा कॅमेरा सांगत नाही, आणि सेल नसेल तर सगळे फोटो एकाच, सर्वांत जलद वेगाने काढतो. स्वतः सगळं ठरवायची सवय असलेल्या माणसाला याचा राग येतो. मला येतो.

ऑलिंपस ३५ आरसी १९७० चा. लेन्स ४२ मिमी एफ/२.८, वेग १/१५ ते १/५००. कागदावर मामुली वाटतो, पण अंगाने लहान, सेल नसतानाही हाताने सेटिंग लावून चालणारा, आणि निवडलेला वेग व्ह्यूफाइंडरमध्येच दाखवणारा. ऑलिंपस ३५ एसपी, कोनिका ऑटो एस३, मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस-२ हेही याच पंक्तीतले. हाय-मॅटिकचा थोरला भाऊ दुसऱ्या नावाने, अँस्को ऑटोसेट म्हणून, फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेनबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आहे.

लेन्स बदलायचीच असेल तर वाटा कमी. आटे असलेल्या ३९ मिमी माउंटचे (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) जुने लायका, त्यांच्या धर्तीवरचे सोव्हिएत फेड आणि झोर्की, कॅननचे पी आणि ७, आणि १९५४ पासूनचे एम माउंटचे लायका. एम३ आणि एम२ यांच्यात गोंधळ उडतो, तो एका वाक्यात मिटवतो: ५० मिमीवर जीव असेल तर एम३, ३५ मिमीवर असेल तर एम२. एम३ मध्ये ५०, ९०, १३५ च्या रेषा आहेत, एम२ मध्ये ३५, ५०, ९० च्या. दोघांतही मीटर नाही. तो हवा असेल तर १९७१ च्या एम५ पर्यंत यावं लागतं.

सोव्हिएत कीव्ह हा जर्मन कॉन्टॅक्सच्या वळणाचा, खिडक्यांमधलं अंतर ९० मिमीच्या घरातलं. फोकसला फार नेमका. फक्त त्याची दुसरी खिडकी इतकी कडेला आहे की कॅमेरा नेहमीसारखा धरला की बोट बरोबर तिच्यावर येतं आणि जुळणारी प्रतिमाच गायब होते. कॅमेरा बिघडला म्हणून परत करण्याआधी स्वतःचं बोट बघा.

डोळ्याची परीक्षा

आता व्ह्यूफाइंडर. चष्मा लावत असाल तर लावूनच बघा, काढून नको. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो आणि कडेच्या रेषा दिसेनाशा होतात. ३५ मिमीच्या चारही रेषा एका नजरेत दिसत नसतील तर त्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी लावण्यात अर्थ नाही. डोळ्याच्या चौकटीला धातूची उघडी कड असेल तर ती चष्म्याच्या काचेवर चरे पाडते. तिथे रबराची पातळ चकती चिकटवा.

मग दुसरा डोळाही उघडा ठेवून बघा. उजवा डोळा लावत असाल तर एम३ सारख्या मोठ्या मॅग्निफिकेशनच्या कॅमेऱ्यात दोन्ही डोळ्यांची दृश्यं जवळजवळ एक होतात आणि फ्रेम हवेत तरंगल्यासारखी दिसते. डावा डोळा लावणाऱ्यांना ही मजा नाही, शिवाय रोल ओढताना अंगठा डोळ्यात जायची भीती.

चौकोन फिका वाटला तर लगेच नाक मुरडू नका. व्ह्यूफाइंडरच्या बाहेरच्या खिडकीवर, बरोबर चौकोनासमोर, काळ्या टेपचा मुगाएवढा तुकडा लावून बघा. थेट दिसणारी प्रतिमा तेवढ्या जागी मंद होते आणि दुसरी उठून दिसते. तरीही काही दिसलं नाही तर अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडालेला आहे. तो साध्या पुसण्याने परत येत नाही.

शेवटी, दूरचं काहीतरी शोधा. पाच-सहाशे मीटरवरचा टॉवर किंवा रात्री चंद्र. रिंग अनंतावर नेली की दोन चंद्रांचा एकच चंद्र झाला पाहिजे. आडवे सरकलेले असतील तर ते जुळवून घेणं तुलनेने सोपं. एक वर आणि एक खाली असेल तर कॅमेरा कधीतरी पडला असण्याची शक्यता बरीच.

हातात घेऊन तपासणी

इथे घाई करू नका. मी एकदा केली होती. विकणाऱ्याने माझ्यासमोर पाच-सहा वेळा शटर मारून दाखवलं, सुरेख आवाज आला, मी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच क्लिक केला तर पाकळ्या अर्ध्या उघडून तशाच राहिल्या. लेन्समधल्या शटरच्या पाकळ्यांवर जुनं तेल चढलं की असंच होतं. चार वेळा चालवल्यावर त्या मोकळ्या होतात, रात्रभर पडून राहिल्या की पुन्हा चिकटतात. त्यामुळे आता मी कॅमेरा हातात आला की शटरला हात न लावता आधी बाकीचं सगळं बघतो, अर्ध्या तासाने पहिला क्लिक करतो आणि तो लेन्समध्ये बघत बघत करतो. पहिला क्लिक खरा बोलतो.

वेग मोजायला मोबाइल पुरतो. मागचं झाकण उघडा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, कॅमेऱ्यापुढे दिवा धरा आणि मागून सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रीकरण करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत उजेड किती फ्रेम टिकला ते मोजा. १/८ ला ३० फ्रेम, १/३० ला ८, १/६० ला ४ यायला हव्यात. १/३० ला १० आल्या तरी निगेटिव्ह फिल्म ते पोटात घालते. १६ आल्या तर पूर्ण एक स्टॉपचा, म्हणजे उजेडाच्या दुपटीचा, फरक पडला, म्हणजे सर्व्हिसिंग आलं. १/१२५ च्या वरचं या पद्धतीने नीट कळत नाही.

कापडी पडद्याचं शटर असेल, म्हणजे लायका, फेड, झोर्की, तर अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून टॉर्च मारा आणि मागून बघा. पडद्यावर चांदण्या चमकल्या तर भोकं आहेत. ही भोकं बरेचदा सूर्यानेच पाडलेली असतात. एसएलआरमध्ये मध्ये आरसा असतो, इथे तो नाही. उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून ठेवली की भिंगाने कागद जाळावा तसा पडदा जळतो. टोपीचा उपयोग इथे. उन्हात कॅमेरा नुसता गळ्यात असेल तेव्हा लेन्स अंगाकडे फिरवा किंवा टोपी लावा, आणि फोटो काढताना ती काढायची आठवण ठेवा.

लेन्समधूनही टॉर्च तिरपी मारून बघा. एखाददुसरा धुळीचा कण किंवा बारीक चरा फोटोत उतरत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. ती कडेला कणभर असेल तर साफ होते, मधोमध पसरून काच खाल्ली असेल तर सोडून द्या. काच एकसारखी धुरकट दिसली तर आतल्या तेलाची वाफ बसलेली आहे. ही फसवी असते, कारण साध्या उजेडात लेन्स स्वच्छ दिसते आणि फोटोत मात्र सगळं दुधात बुडवल्यासारखं येतं.

मागच्या झाकणाच्या खाचांत उजेड अडवणारे फोमचे सील असतात. बोट लावलं आणि काळा चिकट डांबरासारखा लगदा लागला तर घाबरू नका, ते घरी बदलता येतात आणि या वयाच्या कॅमेऱ्यात हे जवळजवळ गृहीतच धरायचं. सेलच्या खणातलं हिरवट-पांढरं किटण मात्र गंभीरपणे घ्या. व्हिनेगर लावलेल्या काडीने वरचं निघतं, पण आत वायर कुजली असेल तर मीटर आज चालतो, उद्या नाही.

ज्याचा त्याचा आजार

यशिका इलेक्ट्रोमध्ये आत एक छोटा रबरी तुकडा असतो, तो वयाने विरघळतो. रोलची लिव्हर ओढताना शेवटी आतून "टक" असा दबका आवाज आला पाहिजे. नाही आला तर तो तुकडा गेला, आणि पाठोपाठ शटरच्या वेगाचा गोंधळ आलाच. झोर्की-४ मध्ये शटर चढवल्यावरच वेगाची चकती फिरवायची, आधी फिरवली तर आतलं यंत्र दुखावतं. विकणाऱ्याने ती तशीच गरागरा फिरवून दाखवली तर आभार मानून निघा. फेड-२ मध्ये मंद वेग नाहीतच, त्यामुळे बिघडायलाही कमी. सोव्हिएत कॅमेरा पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी तोच सुचवतो.

सोनेरी मुलामा, चामड्याचा रंगीत वेष आणि भलतीच कोरीव चिन्हं असलेला "जुना लायका" दिसला तर लेन्स काढून आत बघा. रेंजफाइंडरच्या दांड्याच्या टोकाला छोटं गोल चाक असेल तर तो लायका असू शकतो. त्या जागी तिरप्या कापलेल्या पाचरीसारखा तुकडा असेल तर फेडने किंवा झोर्कीने लायकाचा अंगरखा घातला आहे. असा कॅमेरा फोटो काढायला वाईट नसतो, फक्त लायका म्हणून घेऊ नये.

फोकस खरंच जुळतो का?

व्ह्यूफाइंडरमध्ये गज जुळला म्हणून फिल्मवर जुळलाच असं नाही. फिल्म वाया न घालवता हे बघता येतं. मागचं झाकण उघडा, शटर बी वर ठेवून केबल रिलीजने उघडं धरा आणि फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणून लावा. बाहेरच्या उंच पट्ट्यांवर नको, ही चूक सगळेच करतात आणि मग कॅमेऱ्याला दोष देतात. कॅमेरा स्टँडवर, ॲपर्चर पूर्ण उघडं, समोर १ मीटरवर छापील मजकूर. रेंजफाइंडरने फोकस करा आणि चिकटपट्टीवर उमटलेली उलटी अक्षरं भिंगातून बघा. मग २ मीटर, मग दूरचा टॉवर. तिन्ही ठिकाणी अक्षरं आणि कडा धारदार आल्या तर कॅमेरा सरळ आहे. टॉवर जुळतो आणि मीटरवर चुकतो असं झालं तर ते काम जाणत्या कारागिराकडे द्या, स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः बसू नका.

सेलची भानगड

१९६० आणि ७० च्या दशकांतले बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. ते सेल पाऱ्याच्या विषारीपणामुळे बाजारातून गेले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो खरा, पण मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या यंत्रात वापरतात तो झिंक-एअर सेल, ६७५ मापाचा, साधारण १.४ व्होल्टचा. रिंग किंवा ॲडॉप्टर घालून तो छान चालतो. वरचा कागद काढला की हवा लागून तो कामाला लागतो आणि काही आठवड्यांत किंवा एक-दोन महिन्यांत संपतो, तेव्हा दोन-चार जवळ असू द्या. यशिकाला ५.६ व्होल्ट लागायचे, तिथे ६ व्होल्टचा सेल ॲडॉप्टरसह चालतो. सेलेनियमचे मीटर सेलशिवाय चालतात आणि एकदा मेले की मेले.

मीटर बंद आहे एवढ्यावरून चांगला कॅमेरा नाकारू नका. लख्ख उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओच्या (उजेडाला ती किती संवेदनशील त्या आकड्याच्या) जवळचा वेग, म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०. सावलीत तीन-चार स्टॉप उघडा. आठवडाभरात हाताला सवय होते.

पहिला रोल

पहिला रोल लग्नाचा नको. रोल भरून झाकण लावल्यावर रिवाइंडची चकती हलकेच फिरवून ढील काढून टाका आणि मग लिव्हर ओढा. ती चकतीही फिरली पाहिजे. नाही फिरली तर फिल्म पकडलीच गेलेली नाही, आणि तुम्ही ३६ फोटो हवेत काढणार आहात.

दोन फ्रेम १ मीटरवर, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, तिरप्या धरलेल्या वर्तमानपत्राच्या. दोन दूरच्या. एकाच दृश्याच्या चार, वेग आणि ॲपर्चर बदलत पण एक्स्पोजर तेच ठेवून. त्या चारांत एक काळी आली तर कोणता वेग खोटं बोलतो ते कळतं. १५ व्या फ्रेमला कॅमेरा दहा मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवा. सीलमधून उजेड शिरत असेल तर नेमका त्याच फ्रेमच्या आसपास डाग येईल. हे सगळं वहीत लिहा, कारण रोल धुऊन येईपर्यंत काहीही आठवत नाही. उरलेल्या फ्रेम मनाला येईल तशा काढा.

दोन कॅमेऱ्यांत मन अडलंच आणि मित्राचा एक उसना मिळत असेल, तर दोन्हींत एकाच जातीचे रोल भरा, दाराजवळ शेजारी शेजारी ठेवा आणि बाहेर पडताना जो हाताला येईल तो न्या. दोन महिन्यांनी फ्रेमचा काउंटर बघा. मी हे केलं तेव्हा उसन्या एम२ चा काउंटर ११ वर होता आणि कोपरा चेपलेल्या ३५ आरसीत तिसरा रोल चालू होता.